तक्ता येतो, पण थांबायचे कुठे? इष्टतमीकरणाच्या पहिल्या अभ्यासक्रमातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील एका पदव्युत्तर गणित विभागातील आहे. विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून तिचे गाव, वर्ष आणि काही किरकोळ तपशील वगळले किंवा बदलले आहेत. तिच्या उत्तरपत्रिकेतील चूक, तिचे गणित आणि मी तिला दिलेला सल्ला मात्र झाला तसाच मांडला आहे, कारण त्यातला निदान एक सल्ला घाईचा होता असे आज मला वाटते.

ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकत होती आणि करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून रोज एसटीने ये-जा करीत होती. तिचे वडील शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतात. ‘इष्टतमीकरणाची ओळख’, म्हणजे दिलेल्या मर्यादांत सर्वोत्तम उत्तर शोधण्याचे गणित, हा ऐच्छिक विषय तिने स्वतःहून घेतला होता. अभ्यासक्रम १५ आठवड्यांचा, आठवड्याला चार तासांचा. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे, त्यात १० गुण चाचणीला आणि १० प्रकल्पाला. पहिल्या भागात रेषीय प्रोग्रॅमिंग (रेषीय निर्बंध पाळून रेषीय राशीचे महत्तम वा न्यूनतम मूल्य काढणे), बहिर्वक्र संच (ज्यातील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारी रेघ संचातच राहते), तक्त्यांची सिम्प्लेक्स पद्धत आणि द्वैत, म्हणजे विद्यार्थी ज्याला सरळ ‘ड्युअल’ म्हणतात तो, निर्बंधांना वजने देऊन मूळ उत्तरावर मर्यादा घालणारा जोडीचा प्रश्न. दुसऱ्या भागात अरेषीय प्रश्न, लाग्रांज गुणक आणि करुश–कुन–टकर अटी, म्हणजे निर्बंध असताना इष्टतम बिंदूने पाळायच्या अटी.

विषय निवडण्याचे तिचे कारण साधे आणि समजण्यासारखे होते. बी.एस्सी.ला ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात तिला उत्तम गुण पडले होते. तक्ता मांडायचा, खालच्या ओळीत सर्वांत ऋण अंक असलेला स्तंभ धरायचा, गुणोत्तरे काढायची, सर्वांत लहान गुणोत्तराची ओळ धरायची, त्या ओळी-स्तंभाच्या छेदावरील अंकाने (की-एलिमेंटने) भागायचे आणि खालची ओळ ऋण राहीनाशी होईपर्यंत हेच करीत राहायचे, ही रीत तिच्या हातात पक्की बसलेली होती. तिचा तक्ता नीटस असे, पट्टीने आखलेला असे आणि अपूर्णांकांत ती सहसा चुकत नसे. पहिल्या तीन आठवड्यांत तिच्याबद्दल काळजी करण्यासारखे मला काहीही दिसले नाही.

अडचण

चौथ्या आठवड्यात पंचगंगेचे पाणी वाढले. राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या वर गेली की तिच्या गावाकडची एसटी बंद होते. त्या आठवड्यातील चारही तास तिचे बुडाले. नेमके त्याच तासांत बहिर्वक्र संचाची टोके (कोपरे), रेषीय उद्दिष्टाचे, म्हणजे महत्तम वा न्यूनतम करायच्या राशीचे, इष्टतम मूल्य अस्तित्वात असेल तर ते एखाद्या टोकावर का सापडते, आणि गुणोत्तराच्या नियमामागचे कारण, हे शिकवून झाले होते. तिने मैत्रिणीची वही उतरवून घेतली. वहीत सिद्धता होती, पण ती फळ्यावर कशी उभी राहिली ते वहीत नव्हते.

पाचव्या आठवड्यातील चाचणीत तिला १० पैकी ४ गुण मिळाले. हे चार गुण कुठे मिळाले यापेक्षा सहा कुठे गेले हे पाहण्यासारखे होते.

पहिल्या प्रश्नात क्ष + य ≤ ४ आणि क्ष − य ≤ २ या निर्बंधांखाली, दोन्ही चल शून्य वा अधिक असताना, ३क्ष + २य महत्तम करायचे होते. उत्तर प्रश्नातच दिलेले होते: क्ष = ३, य = १, मूल्य ११. विचारले होते एवढेच की याहून मोठे मूल्य मिळू शकत नाही हे तक्ता न मांडता दाखवा. तिने तीन तक्ते मांडले, ११ हेच उत्तर काढले आणि खाली दोन रेघा ओढल्या. अपेक्षित उत्तर दोन ओळींचे होते. पहिल्या निर्बंधाची अडीचपट आणि दुसऱ्याची निमपट घेऊन बेरीज केली की डावीकडे बरोबर ३क्ष + २य येते आणि उजवीकडे १० अधिक १, म्हणजे ११. निर्बंध पाळणाऱ्या कोणत्याही क्ष आणि य साठी उद्दिष्ट ११ च्या वर जाऊच शकत नाही, आणि ११ तर मिळालेलेच आहे.

दुसरा प्रश्न अधिक बोलका होता. क्ष − २य ≤ ६ आणि क्ष − य ≤ ८ या निर्बंधांखाली पुन्हा ३क्ष + २य महत्तम करायचे होते. पहिली पायरी तिने बरोबर केली: क्ष आत आला आणि मूल्य १८ झाले. दुसऱ्या तक्त्यात य च्या स्तंभात उणे २ आणि १ हे अंक होते आणि उजवीकडे ६ आणि २. गुणोत्तरे आली उणे ३ आणि २. ‘सर्वांत लहान’ म्हणून तिने उणे ३ धरले; खरे तर गुणोत्तर फक्त धन अंकांचेच घ्यायचे असते. पुढच्या तक्त्यात य ची किंमत उणे ३ आणि उद्दिष्टाचे मूल्य उणे ६ आले. चल ऋण असू शकत नाही हे तिला माहीत होते, त्यामुळे काहीतरी बिनसले आहे हे तिच्या लक्षात आले असणार. कारण दोन्ही उणे चिन्हांवर पांढरी शाई लावलेली होती. उत्तर म्हणून तिने लिहिले: य = ३, महत्तम मूल्य ६.

मूल्य १८ वरून ६ वर आले होते आणि प्रश्न महत्तम मूल्याचा होता. मला खटकले ते उणे चिन्ह झाकण्यापेक्षा हे, की १८ आणि ६ हे दोन आकडे एकाच पानावर असूनही तिला त्यांत विसंगती दिसली नाही. तिच्या लेखी तक्ता हा तक्ता होता. त्यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक शक्य (सर्व निर्बंध पाळणारे) उत्तर आहे आणि पुढचा टप्पा त्याहून वाईट असता कामा नये, हा अर्थ त्याला कधी चिकटलेलाच नव्हता. वास्तविक या प्रश्नाला महत्तम मूल्य नाहीच. क्ष आणि य एकसारखे वाढवत नेले तर दोन्ही निर्बंध पाळले जातात आणि उद्दिष्ट पाचपट वेगाने हवे तितके वाढते.

समोरचे पर्याय

विभागाच्या नियमानुसार सहाव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत ऐच्छिक विषय बदलता येत होता, म्हणजे निर्णयाला सहा दिवस होते. ती चाचणीचा कागद घेऊन भेटायला आली तेव्हा तिने स्वतःच पहिला पर्याय मांडला: “सर, मी विषय बदलू का?” दुसरा ऐच्छिक विषय संख्याशास्त्राकडे झुकणारा होता आणि त्यात तिच्या दोन मैत्रिणी होत्या. पण पाच आठवड्यांचा अभ्यासक्रम तेथेही पुढे गेलेला होता, आणि सिद्धतेची गरज तेथे कमी पडणार नव्हती.

दुसरा पर्याय तिने सांगितला नाही, पण तो तिच्या पिशवीत होता: मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स. त्यांचा सराव केला तर ८० गुणांच्या पेपरात उत्तीर्ण होण्यापुरते गुण तिला नक्कीच पडले असते, आणि हे मी तिला स्पष्टपणे सांगितले. विद्यार्थ्याला हा मार्ग दिसत नाही असे धरून चालणारे शिक्षक स्वतःचीच फसवणूक करतात.

तिसरा पर्याय म्हणजे दोन आठवडे मागे जाऊन रेषीय बीजगणित आणि बहिर्वक्र संच पायापासून नीट करणे आणि तोवर वर्गातील चालू भाग मागे पडू देणे. चौथा, प्रकल्प अलीकडे ओढणे: नवव्या आठवड्यात सुरू होणारा प्रकल्प लगेच सुरू करायचा आणि एका खऱ्या प्रश्नाच्या आधाराने सिद्धांताकडे यायचे.

मी चौथा पर्याय सुचवला आणि तिने तो स्वीकारला. माझे कारण असे होते की तिच्या घरातच मिश्रणाचा एक नमुनेदार प्रश्न रोज वितळत होता. तिसऱ्या पर्यायाला तेव्हा मी पुरेसे वजन दिले नाही.

प्रत्यक्षात काय केले

फाउंड्रीतील प्रश्न असा. ५०० किलोच्या एका हीटसाठी, म्हणजे एका वेळच्या वितळणीसाठी, विजेच्या इंडक्शन भट्टीत चार्ज म्हणजे कच्चा माल घालायचा. चार्जमध्ये पिग आयर्न (कच्चे लोखंड), स्टीलचे स्क्रॅप, आधीच्या कास्टिंगचे (ओतीव वस्तूंचे) उरलेले रनर-रायझर म्हणजे रिटर्न, कार्बन वाढवण्यासाठी कार्बन रायझर आणि सिलिकॉनसाठी फेरोसिलिकॉन. तयार रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, कार्बन ३.२ ते ३.५ टक्के आणि सिलिकॉन १.९ ते २.२ टक्के हवा. रिटर्न १७५ किलोच उपलब्ध. खर्च कमीत कमी करायचा. पिगमध्ये ४ टक्के कार्बन आणि २ टक्के सिलिकॉन, स्टील स्क्रॅपमध्ये दोन्ही ०.२ टक्के, रिटर्नमध्ये ३.४ आणि २ टक्के, कार्बन रायझरमधून (पुढे नुसते ‘रायझर’) प्रत्यक्ष उतरणारा कार्बन ८० टक्के आणि फेरोसिलिकॉनमध्ये सिलिकॉन ७० टक्के, असे गोल आकडे आम्ही धरले. किलोच्या किमतीही सरावापुरत्या गोल धरल्या: पिग ४५ रुपये, स्क्रॅप ३६, रिटर्न ३०, रायझर ८० आणि फेरोसिलिकॉन ११०.

स्प्रेडशीटमधील सॉल्व्हरला, म्हणजे असे प्रश्न आपोआप सोडवणाऱ्या साधनाला, हा प्रश्न दिल्यावर पहिले उत्तर आले: शक्य उत्तर नाही. तिने दोन दिवस निर्बंध उलटसुलट करून पाहिले. रात्री वडिलांना वही दाखवली तेव्हा त्यांनी कार्बनच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “टक्का कशाचा काढालीस? आख्ख्या हीटचा न्हवं?” तिने प्रत्येक मालाचे किलो त्याच्या टक्केवारीने गुणून बेरीज केली होती, आणि ती बेरीज ३.२ ते ३.५ यांच्यामध्ये बसवायला सांगितली होती. ५०० किलो माल घातल्यावर, नुसते स्क्रॅप घातले तरी ती बेरीज १०० होते. खरा निर्बंध किलोंत होता: कार्बन १६ ते १७.५ किलो, सिलिकॉन ९.५ ते ११ किलो. ही चूक दुरुस्त होण्याला मी फार महत्त्व देतो, कारण पुस्तकातील प्रश्नांत निर्बंध आयते येतात आणि त्यांची एकके कुणी तपासत नाही.

दुरुस्तीनंतर सॉल्व्हरने उत्तर दिले: पिग शून्य, रिटर्न १७५ किलो, स्क्रॅप सुमारे ३०५.५, रायझर ११.८ आणि फेरोसिलिकॉन ७.७ किलो; खर्च साधारण १८,०४० रुपये. ती खूश झाली. वडील झाले नाहीत. पिग अजिबात न घालता नुसत्या स्क्रॅपवर रस ओतला तर पातळ भागात कास्टिंग पांढरे आणि कडक निघते, मशीनिंगला टूल तुटतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते धातुशास्त्राला धरूनच होते. निदान दहा टक्के पिग पडतेच, एवढे त्यांनी सांगितले. म्हणून पिग ५० किलोहून कमी नसावे हा निर्बंध वाढवला. स्क्रॅप २५९.२ वर आले, रायझर ९.४ वर, फेरोसिलिकॉन ६.४ वर, आणि खर्च सुमारे २५० रुपयांनी वाढला.

येथवर पाच दिवस गेले होते आणि माझ्या सल्ल्यातला दोष उघड झाला होता. तिला उत्तर मिळाले होते, पण ते सॉल्व्हरचे होते. उत्तर इष्टतम आहे हे कशावरून, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सॉल्व्हरने तसे लिहिले आहे.” तक्त्याची जागा सॉल्व्हरने घेतली होती, मूळ अडचण जिथल्या तिथे होती.

सातव्या आठवड्यात मी सॉल्व्हर बंद करायला सांगितला आणि एकच प्रश्न दिला: पिगची अट ५० ऐवजी ५१ किलो केली तर खर्च किती वाढेल, हे हाताने काढ. एक किलो पिग वाढले की एकूण वजन, कार्बन आणि सिलिकॉन तिथल्या तिथे राखण्यासाठी बाकीचे तीन माल किती कमी होतील, अशी तीन समीकरणे तिने मांडली. स्क्रॅप ०.९२६ किलो, रायझर ०.०४८ आणि फेरोसिलिकॉन ०.०२६ किलो कमी होते. त्यातून सुमारे ४० रुपये वाचतात आणि पिगचे ४५ लागतात. फरक ५ रुपये. मग सॉल्व्हरचा सेन्सिटिव्हिटी अहवाल, म्हणजे आकडे थोडे बदलले तर उत्तर किती बदलते ते सांगणारा, उघडला. पिगच्या ओळीसमोर शॅडो प्राइस, म्हणजे अट एका एककाने वाढवल्यास खर्चात पडणारा फरक, होती ४.९८.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. नंतर तिने स्वतःहून खालच्या ओळी वाचल्या: कार्बनच्या वरच्या मर्यादेसमोर शून्य, सिलिकॉनच्या वरच्या मर्यादेसमोर शून्य. “आपण १६ वरच थांबलोय, १७.५ पर्यंत गेलोच नाही, म्हणून त्या मर्यादेला किंमत नाही,” असे ती म्हणाली. पूरक शिथिलतेचे प्रमेय (जो निर्बंध घट्ट बसत नाही त्याची शॅडो प्राइस शून्य) त्या वाक्यात जवळजवळ पूर्ण होते. त्याच बैठकीत चाचणीचा पहिला प्रश्न पुन्हा काढला. अडीच आणि अर्धा हे आकडे कुठून आले, हे तिने आपल्याच तिसऱ्या तक्त्याच्या खालच्या ओळीत शोधून दाखवले. ते तिथे आधीपासूनच होते. तिने काढले होते आणि वाचले नव्हते.

त्यानंतर मी तिसरा पर्याय उशिरा का होईना हाती घेतला. आठवड्यातून दोनदा, शेवटच्या एसटीच्या आधी पाऊण तास, आम्ही बुडालेले चार तास भरून काढले. गुणोत्तर फक्त धन अंकांचेच का घ्यायचे, हे तिने या वेळी शब्दांत लिहिले: य वाढला की उणे २ असलेल्या ओळीतील क्ष कमी न होता वाढतो, त्यामुळे ती ओळ य ला कोठेच अडवत नाही, अडवणारी ओळ १ ची, आणि ती य ला २ वर थांबवते.

या भागात एक विषयांतर उपयोगी पडले. जॉर्ज डॅन्टझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत टोकाकडून टोकाकडे जाते. क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये असे प्रश्न रचून दाखवले की ज्यांत या पद्धतीला घातांकी संख्येने, म्हणजे चल वाढले की पटींनी वाढणाऱ्या संख्येने, टोके फिरावी लागतात. आणि १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी शक्य क्षेत्राच्या आतून जाणारी बहुपदी वेळेची, म्हणजे प्रश्न मोठा झाला तरी वेळ असा पटींनी न फुगणारी, पद्धत मांडली. मराठी नाव ऐकून वर्ग सावरून बसतो, हा नेहमीचा अनुभव. हिने मात्र विचारले की आतून जाणाऱ्याला टोकच नाही, तर तो थांबतो कुठे? आतून जाणाऱ्या आजच्या पद्धती मूळ प्रश्न आणि त्याचे द्वैत यांच्या मूल्यांतील अंतर पाहतात आणि ते नगण्य झाले की थांबतात. वाट कोणतीही असो, थांबण्याचा पुरावा तोच, हे तिला या प्रश्नातून कळले. पाचव्या आठवड्यात तिने हा प्रश्न विचारला नसता.

दुसरा अडखळा

अकराव्या आठवड्यात अरेषीय भागात ती पुन्हा अडखळली, पण या वेळी चूक वेगळ्या जातीची होती. करुश यांनी १९३९ च्या प्रबंधात आणि कुन व टकर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अटी तिने पटकन आत्मसात केल्या, कारण गुणक म्हणजे शॅडो प्राइस हे तिला आता माहीत होते. त्या जोरावर तिने गृहपाठात लिहिले की अटी पाळणारा बिंदू मिळाला की काम संपले. मी तिला उणे क्ष वर्ग हे फलन उणे १ ते २ या अंतरात न्यूनतम करायला दिले. अटी तीन बिंदूंवर पाळल्या जातात: उणे १, शून्य आणि २. न्यूनतम मूल्य २ वर आहे. शून्यावर तर महत्तम आहे. बहिर्वक्रता नसेल तर अटी केवळ उमेदवार देतात. ही दुरुस्ती एका दुपारी झाली. काय सिद्ध झाले आणि काय नाही, असे ती आता स्वतःला विचारू लागली होती.

निष्पत्ती

प्रकल्पात तिला १० पैकी ८ आणि लेखी परीक्षेत ८० पैकी ५३ गुण मिळाले. बी.एस्सी.च्या तुलनेत हे गुण कमी होते आणि त्याचे तिला वाईट वाटले. सबल द्वैताच्या प्रमेयाची (मूळ प्रश्न आणि त्याचे द्वैत यांची इष्टतम मूल्ये समान असतात) सिद्धता तिने परीक्षेत अर्धी सोडली. विलगीकरणाच्या प्रमेयापर्यंत (एकमेकांत न मिसळणारे दोन बहिर्वक्र संच रेषेने वा प्रतलाने वेगळे करता येतात) ती आली आणि पुढे गाडी अडली. अमर्याद उत्तराचा प्रश्न मात्र तिने दिशा दाखवून, एकही तक्ता न मांडता सोडवला.

फाउंड्रीने चार्ज बदलला नाही. स्क्रॅपची प्रत प्रत्येक खेपेला बदलते आणि नेमका कार्बन किती हे रस वितळून नमुना तपासल्यावरच कळते. आमच्या गणितात ते आकडे आधीच ठाऊक असल्याचे धरले होते. प्रकल्पाच्या अहवालात तिने ही मर्यादा स्वतः लिहिली होती.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट माझ्याकडची. पहिल्याच आठवड्यात ‘हे उत्तर सर्वोत्तम आहे हे तक्त्याशिवाय दाखवा’ असा एक प्रश्न दिला असता, तर जे पाचव्या आठवड्यात गुण गमावून कळले ते आधीच कळले असते. आता मी दुसऱ्या तासाला, सिम्प्लेक्सचे नावही न काढता, अडीचपट आणि निमपटीचे उदाहरण घेतो. द्वैत हे प्रकरण सिम्प्लेक्सनंतर ठेवण्याची जी प्रथा आहे ती मोजणीच्या सोयीची आहे. समजण्याच्या दृष्टीने ती उलटी आहे, असे माझे मत या प्रकरणानंतर बनले.

दुसरी गोष्ट, प्रकल्प आधी की पाया आधी. प्रकल्पाने तिला एकके शिकवली आणि शॅडो प्राइस शिकवली, हे खरे. पण सॉल्व्हर पहिल्या दिवशी हातात दिल्यामुळे एक आठवडा वाया गेला. आज असा विद्यार्थी आला तर मी दोन मालांचा, कागदावर आलेख काढून सुटेल एवढा लहान प्रश्न आधी देईन आणि सॉल्व्हर त्यानंतर.

तिसरी, पुराचा आठवडा. नदीकाठच्या गावांतून येणारी मुले पावसाळ्यात काही तास गमावणार हे कोल्हापुरात दरवर्षी ठाऊक असते. तरीही सर्वांत कळीची सिद्धता मी त्याच दिवसांत ठेवली होती आणि ती पुन्हा घेतली नाही. आता तो भाग मी एक आठवडा पुढे नेला आहे. आधी आलेखांचे तास होतात, जे मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेता येतात.

विषय बदलण्याच्या निर्णयाबद्दल मात्र मी अजून निश्चित काही सांगू शकत नाही. नंतर एकदा मी तिला तेच विचारले. तिने सांगितले की सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी बदलाचा अर्ज भरून ती कार्यालयाच्या खिडकीपर्यंत गेली होती. खिडकी जेवणाच्या सुटीसाठी बंद होती आणि तिची एसटी सव्वादोनची होती.